सरकणारं हूड आणि उद्यमबागचे काका

इकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये लोक घरच्या गॅरेजात विमान बांधतात, असं बेळगावात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे खेळण्यातलं काय?" नाही हो. दोन माणसं बसतात, सरकारी नोंदणी होते, शेपटीवर नंबर येतो. अट एवढीच, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं छंद किंवा शिक्षण म्हणून स्वतः केलेलं असलं पाहिजे. तपासनीस येऊन बघून जातो आणि त्यानंतरही सहसा 25 ते 40 तास ठरवून दिलेल्या भागातच चाचणीची उड्डाणं करावी लागतात. या हौशी मंडळींची ईएए ही संघटना 1953 मध्ये याच राज्यात सुरू झाली. दर जुलैच्या अखेरीस ऑशकॉशला त्यांची जत्रा भरते, तेव्हा आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानांची घरघर चालू असते.

आपल्याकडे हे होत नाही असं मात्र नाही. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनी विमान बांधलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, हे तुम्ही वाचलं असेलच. पण त्यांना किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले, तेही वाचलं असेल.

तर आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर असंच एक दोन आसनी विमान बांधतायत आणि धरायला दुसरा माणूस लागला की मला हाक येते. सध्या काम चाललंय डोक्यावरच्या पारदर्शक हुडाचं. याला इथे कॅनॉपी म्हणतात. मास्तरांनी मागे सरकणारी कॅनॉपी घेतलीय. उन्हात धावपट्टीकडे जाताना ती थोडी उघडी ठेवून वारा घेता येतो.

दिसायला सोपं आहे. लोखंडी नळ्यांची वेल्ड केलेली फ्रेम, तिच्यावर ॲक्रिलिकचा, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचा फुगा. फ्रेम तीनच ठिकाणी टेकते: पुढे डावी-उजवीकडे बाजूच्या रुळांवर एकेक रोलर, आणि मागे मधोमध एका रुळावरून सरकणारा प्लास्टिकचा ठोकळा. पण टेबलाचा खण एका कोपऱ्यानं ओढला की कसा तिरका होऊन अडकतो, तसं हे हूड अर्ध्यावर येऊन रुतायचं.

मास्तर ग्रीसचा डबा घेऊन आले. मी म्हटलं थांबा, आणि बेळगावला काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांचं अख्खं आयुष्य तिथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकचे पार्ट करण्यात गेलं. बेळगावजवळच्या हत्तरगीला एअरबसचे भाग बनतात याचा त्यांना अभिमान आहे, पण विमानाचं काम त्यांनी स्वतः कधी केलेलं नाही. त्यानं काही बिघडलं नाही.

"ग्रीस लावून काय करालास? अडकतंय तिथं दोष नसतोय की रे. मागचा ठोकळा काढ, हातावर धर आणि नुसत्या पुढच्या दोन रोलरवर ढकलून बघ."

ढकललं. तरी रुतलं, म्हणजे दोष मागच्या रुळाचा नव्हता. मग मास्तरांनी विमानाच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूच्या रुळांचं अंतर घ्यायला सुरुवात केली. पुढे बरोबर, मागे डावा रूळ जेमतेम मिलिमीटरभर आत. एवढ्यानं काय होतंय, असं कुणालाही वाटेल. पण रोलर फ्रेमला पक्का आहे, त्याला बाजूला सरकायला जागाच नाही. रूळ जवळ आले की तो कडेला घासणारच. पातळ पत्र्याची शिम, म्हणजे फट भरायची पट्टी, घालून रूळ समांतर केला आणि हूड दोन बोटांनी मागे गेलं.

काका खूश नव्हते. "काच बसवल्यावर परत बघा. फ्रेम ओढून घेणार ती."

अगदी तसंच झालं. ॲक्रिलिकचा फुगा तापवून फुगवलेला, त्याला स्वतःचा आकार असतो. फ्रेमवर आवळला की तो नळ्यांना आपल्याकडे खेचतो, आणि रोलरमधलं अंतर पुन्हा बदलतं. म्हणून फ्रेम आधीच फुग्याच्या अंगानं हळूहळू वाकवून घ्यायची आणि फुगा ताण न देता नुसता ठेवला तरी बसला पाहिजे. माझ्या मते या सगळ्या कामात खरी कारागिरी असेल तर ती इथेच आहे. बाकी मापं पुस्तकात मिळतात.

ॲक्रिलिकचे नखरे वेगळेच. थंडीत ते ठिसूळ होतं, त्यामुळे कापायचं आणि भोकं पाडायचं काम गॅरेज चांगलं तापवून करायचं. बेळगावच्या एप्रिलात हा प्रश्नच आला नसता! साधा ड्रिल बिट बाहेर पडताना काचेला चावतो आणि तडा जातो, म्हणून खरवडत जाणारा, टोकदार धार लावलेला बिट वापरतात. कापलेली प्रत्येक कड पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायची, कारण तडा सुरू होतो तो बारीकशा खाचेपासूनच.

आणि भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवायची. मीटरभर ॲक्रिलिक 40 अंशांच्या फरकानं पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबतं, पोलाद मात्र जेमतेम अर्धा. इथे हिवाळ्यात उणे 20 आणि उन्हाळ्यात 30 अंश. घट्ट भोक ठेवलं तर पहिल्याच हिवाळ्यात काच स्क्रूपाशी फाटेल. मास्तरांना हे पाठ होतं. काकांना ऐकूनच पटलं.

आता कडेचे पत्रे राहिलेत. उडताना फुग्यावरून जाणारी हवा त्याला वर ओढते, कडा बाहेर फाकतात आणि फटीतून गार वारा आत शिरतो. पत्रा विमानाच्या अंगाला चिकटून हवा, पण हूड सरकताना रंग खरवडायला नको. मास्तर घासू नये म्हणून गुळगुळीत टेप लावायचं म्हणतायत. काकांचं मत विचारलं, तर म्हणाले, "टेप नंतर. आधी पत्र्याचा बाक बघू, कॅमेरा जरा खाली घे."