गोळाफेकीचं कोडं

ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवरच्या आंतरशालेय स्पर्धा जवळ आल्या की आपल्या शाळेच्या मैदानावर चुन्याची वर्तुळं आखली जायची आणि विज्ञानाच्या बाईंच्या फळ्यावर खेळातलं एखादं कोडं यायचं. दहावीतलं कोडं मला अजून तोंडपाठ आहे. एक मुलगा दोन मीटर उंचीवरून, सेकंदाला ९.८ मीटर वेगानं गोळा सोडतो. जमिनीशी किती अंशांचा कोन ठेवला तर गोळा सर्वांत लांब पडेल? हवेचा विरोध धरू नका.

बहुतेक वह्यांत ४५ अंश होते. गॅलिलिओनं १६३८ साली सिद्ध करून छापलेलं उत्तर, त्यावर शंका कोण घेणार? बाईंनी एवढंच विचारलं, "गोळा सुटला त्याच उंचीवर पडतोय का रे?"

वर्ग गप्प झाला. गोळा हातातून सुटतो दोन मीटरवर आणि पडतो जमिनीवर. हाताच्या पातळीला परत आल्यावरही त्याला आणखी खाली यायचं असतं, आणि त्या वेळात आडवा वेग जास्त असेल तर तो आणखी पुढे सरकतो. म्हणून कोन थोडा कमी हवा. बाईंनी ९.८ हा वेग का निवडला तेही तेव्हा उमगलं: गुरुत्व त्वरणाचा आकडाही तोच, आकडेमोड सुटसुटीत होते. ४५ अंशांना पल्ला आला ११.५० मीटर, ४० अंशांना ११.६३. एवढ्याशा फरकानं पदक जातं, हे आमच्यातल्या गोळाफेक्यांना सांगावं लागलं नाही.

मग बाईंनी फळ्यावर दोन बाण काढले. सर्वांत लांबच्या फेकीत गोळा सुटण्याची दिशा आणि जमिनीवर आदळण्याची दिशा यांत नेमका काटकोन होतो. वर जाताना ४०, खाली येताना ५०. इतकी देखणी गोष्ट मी गणितात त्याआधी पाहिली नव्हती.

पीटीचे सर दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "बाई, कोन वाढवला तर पोराच्या हाताला तेवढाच वेग मिळेल का?"

बाईंनी खडू ठेवला आणि सगळा वर्ग मैदानावर नेला. सरांनी गोळा मानेशी धरून दाखवला. गोळा जितका वरच्या दिशेनं रेटावा, तितकं बळ त्याचं वजन पेलण्यात जातं, शिवाय खांद्याचा जोरही पुढच्या दिशेला जास्त लागतो. कोन वाढला की वेग घटतो, आणि पल्ला साधारण वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं कमी होतो. नावाजलेले गोळाफेकपटूही बहुधा ४० अंशांच्या खालीच, पस्तिशीच्या आसपास फेकतात, ते यामुळेच. दुसऱ्या दिवशी बाईंनी सरांचा प्रश्न फळ्यावर कोड्याखाली लिहिला, सरांच्या नावासकट. विज्ञानाच्या फळ्यावर पीटीच्या सरांचं नाव! मला शाळेचा अभिमान वाटतो तो अशा गोष्टींसाठी.

आता मोबाइलवर स्लो मोशन चित्रण होतं. शाळेच्या महोत्सवी वर्षाच्या क्रीडास्पर्धांत वर्तुळाच्या बाजूला एक ट्रायपॉड लावावा आणि प्रत्येक मुलामुलीला स्वतःचा कोन व वेग मोजू द्यावा, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे. ट्रायपॉड मी आणून देईन.