चिंच-मिठाने धुतलेली बाई

धुळे जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक बागेतून निरोप आला, पुतळ्याला बुरशी धरलीय. ब्राँझला, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूला, बुरशी धरत नाही, पण फोनवर हे कुणाला पटत नाही. गेलो.

डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पूर्णाकृती. शिल्पकाराने मातीतले अंगठ्याचे ठसे मुद्दाम राखलेले. मेणातून, साच्यातून ते तसेच धातूत उतरले होते. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या ओतकामात इतकं बारीक काही उतरवणाऱ्या ओतारीला माझा नमस्कार. नेमकी त्या ठशांतच फिकट हिरवी पूड साचली होती. बांबूच्या काडीने उकरली, तर खाली खड्डे. जुना घट्ट हिरवा थर धातूला सांभाळतो. ही पूड धातू खाते. तांब्याला क्लोराइड चिकटलं की हवेतल्या ओलाव्यानेच ते पोखरणं चालू ठेवतं.

समुद्र इथून लांब. मग क्लोराइड आलं कुठून?

"काय व्हयनं भाऊ?" मागून माळीबाबा आले. दर जयंतीला, दर सणाला तेच हिला अंघोळ घालायचे. चिंच-मीठ लावून, देवाची उपकरणी घासतात तशी. चिंच स्वतःच्या घरची. एवढ्या माणसांत त्या मूर्तीची काळजी करणारा हा एकटाच, आणि रोग त्याच्याच हातच्या मिठातल्या क्लोराइडने लागलेला. भिंगातून खड्डे दाखवले. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, नुसत्या पाण्याने धुतलं तर चालेल ना?

पूड काढली, ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं, स्पिरिटमधलं बेन्झोट्रायझोल, म्हणजे तांब्याची झीज रोखणारं रसायन, लावलं, वर मेण. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. वैशाखात तापलेल्या ब्राँझवर ते ठशाठशांत आपसूक पाझरतं, गॅसची बत्ती नावालाच लागते.

साहेब आले. म्हणाले, अंग खडबडीत राहिलंय, मशीनने गुळगुळीत करा आणि सोनेरी रंग मारा. शिल्पकार राम सुतारांच्या गोंदूरचा हा जिल्हा! नकार लेखी दिला. ठसे गेले तर शिल्पकाराचा हातच गेला, मग उरतं ते भंगाराच्या भावाचं तांबं.

अंदाजपत्रकात रंगाला तरतूद आहे, मेणाला नाही. आणि मेण दरवर्षी लागतं. बाबांना डबा, मऊ फडकी देऊन, हात कसा फिरवायचा ते शिकवून आलो. पण ते लवकरच निवृत्त होतायत. पुढच्या माणसाला कोण सांगणार, हे साहेबांना दोनदा विचारलं. उत्तर नाही.