चेरी श्रिंपची उन्हाळी नोंद: 40 लिटरची टाकी, पुणे

चेरी श्रिंप म्हणजे शोभेच्या टाकीत पाळायची गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी. सेटअप जुनाच आहे: 40 लिटर पाणी, दोन स्पॉंज फिल्टर, जावा मॉस (पाण्यातलं शेवाळ), बारीक काळी रेती. पीएच 7.6, जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) 7, केएच (कार्बोनेट कठीणपणा) 4, टीडीएस (विरघळलेले क्षार) 210.

मार्च, दुसरा आठवडा. पहाटे 24, दुपारी 26 अंश. अंडी घेतलेल्या माद्या 6. इथून पुढे रोज दोन रीडिंग, पहाटे 6 आणि दुपारी 4. एकच रीडिंग फसवतं. श्रिंपला बऱ्याचदा मारतो तो या दोन आकड्यांतला फरक.

एप्रिल, पहिला आठवडा. पहाटे 27, दुपारी 31. दोन मेले. तिसरा मॉसवर बसून आहे, खायला येत नाही. टॉर्च मागून धरल्यावर डोक्यामागचं मांस दुधाळ, किंचित गुलाबीसर दिसतं. निरोगी श्रिंपमध्ये तिथून आरपार दिसायला हवं. त्याला उचलून वेगळ्या डब्यात ठेवलं पाहिजे, कारण मेल्यावर बाकीचे त्याला खातात आणि संसर्ग पसरतो.

हा संसर्ग जीवाणूंचा, आणि ते बाहेरून आलेले नसतात. एरोमोनास, स्यूडोमोनास वर्षभर टाकीत असतातच. उन्हाळ्यात त्यांची वाढ जोरात होते आणि त्याच वेळी श्रिंपची ढाल पातळ होते. श्रिंपला अँटिबॉडी नसतात. त्याची सगळी भिस्त रक्तपेशींवर आणि फिनॉलऑक्सिडेज या विकरावर (एन्झाइमवर). हे विकर जखमेवर काळं मेलॅनिन चढवून जंतूला तिथेच कोंडतं. कवचावर एखादा सुटा काळा ठिपका दिसला तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती बुजलेली जखम असते. पसरणारे, खड्डे पडलेले तपकिरी डाग मात्र कवच कुजवणाऱ्या जीवाणूंचे. तैवानमध्ये व्हनामी (शेतीत वाढवली जाणारी समुद्री) कोळंबी 28 वरून 32 अंशांना हलवून पाहिली, तेव्हा रक्तपेशी आणि हे विकर दोन्ही घटले आणि व्हिब्रिओ या जीवाणूने जास्त कोळंबी मेली. चेरी गोड्या पाण्यातली, थंडाव्याची. तिला 32 अंश त्याहून जड जातात.

त्यात दोन गोष्टींची भर पडते. समुद्रसपाटीला 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 ला 7.3, पुण्याच्या उंचीवर आणखी कमी. आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो; पाणी तपासायच्या किटवर त्याचा आकडा तोच दिसला तरी त्यातला विषारी भाग 7.6 पीएचला 25 अंशांवर सव्वादोन टक्के असतो, 30 वर तीनच्या पुढे जातो. म्हणून खाणं दिवसाआड, आणि दोन तासांत उरलेलं बाहेर.

एप्रिल, तिसरा आठवडा. काचेचं झाकण काढलं, क्लिप फॅन पाण्यावर तिरका लावला. दुपारचं रीडिंग 31 वरून 28.5. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता नेतं, तेवढी 40 लिटर पाण्यातून काढली तर ते 14 अंशांनी थंड व्हावं. खोलीतली उष्णता सतत परत शिरते म्हणून हाती अडीच-तीनच लागतात. पुणे, नाशिक, विदर्भाच्या कोरड्या हवेत हे उत्तम चालतं. मुंबई-कोकणात हवा आधीच ओली, तिथे फॅनवर फार विसंबू नये.

उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. त्यामुळे भर घालायची ती आरओच्या पाण्याची, थोडी थोडी, रोज. नळाचं पाणी ओतत राहिलं की टीडीएस चढतो आणि कवच टाकताना श्रिंप अडकतात. कवच नुकतं टाकलेला श्रिंप मऊ असतो, जीवाणूंना सगळ्यात सोपा; उन्हाळ्यात कवच टाकणं लवकर लवकर होतं, म्हणजे हे धोक्याचे दिवसही जास्त वेळा येतात.

बर्फाच्या बाटलीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. एक लिटरची गोठवलेली बाटली या टाकीला 32 वरून जवळजवळ 3 अंशांनी खाली आणते, तेही तास-दोन तासांत. हा झटका उष्म्याइतकाच वाईट. 200 मिलिची बाटली साधारण अर्धा अंश उतरवते. वीज गेली तर तीच, तासाला एक, आणि बॅटरीवरचा एअर पंप.

पाणी 10 टक्केच बदला आणि ते पहाटे भरून ठेवा. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं.

मे, पहिला आठवडा. पहाटे 26.5, दुपारी 28.5. आठ दिवसांत एकही मेला नाही. औषध काहीच घातलं नाही. अँटिबायोटिकने स्पॉंजमधले अमोनिया पचवणारे कामाचे जीवाणू मरतात आणि अमोनिया चढतो. तांबं असलेली औषधं तर श्रिंपला सरळ विष.

एक खूण लक्षात असू द्या. संसर्गात रोज एक-दोन जातात. रात्रीत वीस-पंचवीस उलटे पडून तडफडत असतील तर संशय डासांच्या मशीनवर घ्या: त्यातलं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक हा फॅनच पाण्यावर ढकलतो.

मे, शेवटचा आठवडा. वळवाची सर आली, खोली एकदम गार झाली. फॅन रात्रभर चालू राहिला तर पहाटेपर्यंत पाणी 4 अंशांनीही उतरू शकतं. फॅनला आता थर्मोस्टॅटचा प्लग जोडला आहे: 27.5 ला सुरू, 26.5 ला बंद.