छर्र्यांची साइझिंग डाय: जुळणी, दोष आणि आतापर्यंतची प्रगती

एअर रायफलच्या 4.5 मिलिमीटर छर्र्यांसाठी घरी बसवलेली साइझिंग डाय (जिच्या भोकात दाबून छर्रा ठरलेल्या मापाचा करतात तो साचा) आता एकसारखे काम देऊ लागली आहे, म्हणून तिची जुळणी आणि वाटेत आलेले दोष सविस्तर नोंदवून ठेवत आहे. काडतुसे भरण्याच्या डायचे आणि हिचे तत्त्व एकच असले, तरी काडतुसे बनवणे हे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याचे काम आहे आणि या नोंदीचा त्याच्याशी संबंध नाही. येथे फक्त बाजारातून आणलेले शिशाचे छर्रे एका मापात आणायचे आहेत. इंदूरमध्ये मिळणाऱ्या स्वस्त डब्यांमधल्या छर्र्यांचे डोके 4.48 पासून 4.53 पर्यंत कुठेही भरते, आणि स्कर्टची, म्हणजे छर्र्याच्या मागच्या पोकळ घेराची, कड वाहतुकीत चेपलेली असते ती वेगळीच.

डाय सिल्व्हर स्टील या अवजारांच्या पोलादाची आहे. सांवेर रोडवरच्या एका खरादवाल्यांकडून तिचे अंग कातून घेतले आणि बाहेरून एम 20 × 1.5 चे (20 मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे) आटे पाडून घेतले. काडतुसांच्या डायला बहुधा 7/8 इंची आणि इंचाला 14 आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात डाय सुमारे 1.81 मिलिमीटर सरकते. आपल्या आट्यात ती दीड मिलिमीटर सरकते, म्हणून खोली लावणे अधिक सोपे जाते. भोक 4.5 च्या एच 7 रीमरने (एच 7 या सुटीच्या प्रमाणित दर्जाचे भोक करणाऱ्या अवजाराने) काढले. या मापाला एच 7 ची सूट शून्य ते अधिक 12 मायक्रॉन असते, हे अनेकजण विसरतात आणि रीमर फिरवला की 4.500 मिळाले असे धरून चालतात. माझ्या डायचे भोक पिन गेजने (अचूक मापाच्या पिना घालून पाहिल्यावर) 4.50 आणि 4.51 च्या मधले निघाले. तांब्याच्या कांडीला बारीक लॅपिंग पेस्ट (घासून गुळगुळीत करणारा लेप) लावून ते 4.51 पर्यंत आणले आणि शेवटी मेटल पॉलिशने चकाकवले. डायला पाणी दिलेले नाही. शिशासारख्या मऊ धातूसाठी त्याची गरज नाही, शिवाय कडक करताना भोक वेडेवाकडे होण्याची भीती असते.

सियागंजातून आणलेल्या हाताच्या आर्बर प्रेसच्या (दांडा ओढून दाब देणाऱ्या यंत्राच्या) तळपट्टीत डाय खालून वर फिरवून बसवली आहे. छर्रा तोंड खाली करून डायच्या मुखात ठेवायचा आणि वरून पंच (छर्रा दाबणारी कांडी) उतरवायचा. पंच धरणाऱ्या, वर-खाली सरकणाऱ्या रॅमला फ्रेमवर पक्का अडसर असल्यामुळे पंच नेहमी एकाच जागी थांबतो, आणि छर्रा किती आत जाईल हे डाय वर-खाली फिरवून ठरते. अष्टमांश फेरा म्हणजे जवळजवळ 0.19 मिलिमीटर. मी डोके पूर्ण साइझ होऊ देतो आणि स्कर्टचा शेवटचा भाग डायबाहेर ठेवतो, कारण हवेचा दाब अडवण्याचे काम स्कर्ट करतो. तो सैल झाला की हवा बाजूने निसटते आणि स्प्रिंग रायफलमध्ये पिस्टन आपटू लागतो.

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो एकतर्फी सोलण्याने. साइझ केलेल्या छर्र्याच्या एका बाजूला शिशाची केसाएवढी पातळ चकचकीत कात निघत होती आणि समोरची बाजू मात्र जशीच्या तशी राहत होती. अशा वेळी भोकाला दोष देऊन पुन्हा लॅपिंग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भोक गोल असेल, तर दोष अक्षाचा, म्हणजे पंच आणि डाय एका रेषेत नसण्याचा, असतो. डायल गेज लावून पाहिले तेव्हा रॅम बाजूला 0.15 मिलिमीटर हलत होता. गिबचे (रॅमची ढिलाई कमी करणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आवळल्यावर ही ढिलाई बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. रॅक-पिनियनच्या (दातेरी पट्टी आणि चाकाच्या) स्वस्त प्रेसकडून तेवढी अपेक्षाही धरू नये. खरा फरक दोन गोष्टींनी पडला. पंच रॅममध्ये घट्ट न बसवता बारीक ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) किंचित तरंगता ठेवला, म्हणजे तो स्वतःच भोकाचा मध्य शोधतो. आणि डायचा लॉकनट मोकळा ठेवून, पंचाच्या जागी गेज पिन धरून ती भोकात उतरवली व तशाच स्थितीत नट आवळला. नट आवळताना डाय आट्यांच्या ढिलाईइतकी कलते, आणि पिन आत असली की तिला कलायला जागाच उरत नाही.

दुसरा दोष पंचाच्या टोकाचा. सपाट रुंद पंच स्कर्टच्या कडेवर दाब देतो आणि कड आत दुमडते. टोक तीन मिलिमीटरचे करून कडा गोलसर केल्यावर तो पोकळीत उतरून डोक्याच्या आतल्या बाजूला टेकतो. मुखाशी शिसे साचणे ही किरकोळ बाब आहे: हलक्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा अधूनमधून फिरवावा. आजूबाजूला पडलेले शिशाचे कण ओल्या फडक्याने पुसावेत, झाडू मारू नये, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय पोह्यांच्या बशीकडे वळू नये.

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या ओळखीच्या मंडळींपैकी एकाने उन्हाळ्यात माप बदलेल का, असे विचारले होते. दहा अंशांची थंडी आणि चाळीस अंशांचा उन्हाळा यांत 4.5 मिलिमीटरचे शिसे सुमारे चार मायक्रॉन फुगते आणि पोलाद दीड मायक्रॉन. उरलेला फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे. मायक्रोमीटरच्या रॅचेटचा दाबसुद्धा मऊ शिशाला यापेक्षा जास्त चेपू शकतो, म्हणून मी छर्रे मायक्रोमीटरने न मोजता रिंग गेजमधून (ठरलेल्या मापाच्या कड्यातून) टाकून पाहतो.

दहा मीटरवर स्वस्त छर्र्यांचे ग्रुप (निशाण्यावरच्या छिद्रांचे पुंजके) उघड दिसेल इतके आवळले. मुख्य म्हणजे कारण नसताना दूर जाणारे छर्रे जवळपास थांबले. चांगल्या मॅच (स्पर्धेच्या) छर्र्यांवर मात्र डायने काहीच साधले नाही, उलट त्यांचे मूळचे सुबक डोके उगाच घासले गेले, म्हणून ते यापुढे तसेच वापरणार आहे. आता खालच्या इजेक्टर पिनचे (छर्रा बाहेर ढकलणाऱ्या पिनचे) काम उरले आहे. ती बारीक असल्यामुळे छर्र्याच्या सपाट तोंडावर खळगा उठवते. तिचे डोके भोकात जेमतेम सरकेल इतके रुंद करून मगच 4.50 ची दुसरी डाय कातायला देईन.