होल्स्टाइनमध्ये सहा दिवस: उडीच्या घोड्यांसाठी घोडी शोधताना

मे महिन्यात मी आणि आमचे पशुवैद्य उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये पैदाशीच्या घोड्या बघत फिरलो. जायचं तर मेमध्येच जा. बहुतेक घोड्यांच्या पायाशी शिंगरू असतं. खांदा, पाठ, चाल आईकडून किती उतरलीय, ते समोरच दिसतं. घोडी पोराला शांतपणे पाजते का, हेही बघून घ्या.

तिथे घोडीच्या आधी तिचा 'श्टाम' सांगतात, म्हणजे आईकडचं कूळ. प्रत्येक कुळाला क्रमांक असतो. पहिले दोन दिवस मला त्या आकड्यांचा कंटाळा आला, मग हाला ही जर्मन घोडी आठवली. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या उडीत आपला जखमी स्वार विंकलर याला पाठीवर घेऊन तिने सुवर्ण जिंकलं. तिचा बाप ट्रॉटर, म्हणजे दुडक्या चालीच्या शर्यतींचा घोडा, आईचा वंश अज्ञात. पुढे तिला आठ शिंगरं झाली, पण तिच्या तोडीचं एकही निघालं नाही. तिसऱ्या दिवसापासून कुळाची चौकशी मीच आधी करू लागलो: आईने, आजीने, बहिणींनी काय दिलं?

एका पागेत दोन घोड्या मोकळ्या, म्हणजे स्वाराशिवाय, उडवून दाखवल्या. करडी दांड्यावरून हातभर उंच गेली, सगळे खूश. मला तिच्या उडीत घाबरटपणा दिसला. कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडीने पहिल्या फेरीत दांडा पाडला, दुसऱ्या फेरीत तीच उंची असताना पुढचे गुडघे लवकर आवळले. चुकीतून शिकणारी घोडी मला हवी होती. म्हणून उंची वाढवायच्या आधी तीच उडी पुन्हा मागा, आणि दोन उड्यांमधला कँटर, म्हणजे संथ दौड, बघा: मागचे पाय पोटाखाली येतात का?

दिवसाला दोनच पागा ठेवा, अंतरं बरीच आहेत, गाडी लागतेच. व्यायलेल्या घोडीबद्दल विचारा: किती वेळा रेतन करावं लागलं, वार अडकली होती का? डब्ल्यूएफएफएस या शिंगरांच्या जीवघेण्या आनुवंशिक आजाराची जनुक चाचणी मागा. वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेली) घोडी बाद नाही, पण नरही वाहक निघाला तर दर शिंगरामागे चारात एक वेळ ते जगण्याजोगं नसण्याची शक्यता असते.

एक्स-रे स्वतःच्या पशुवैद्याकडून, पैसे देण्याआधी. कुमैतच्या मागच्या पायातल्या मधल्या, म्हणजे हॉक सांध्यात हाडाचा सुटा तुकडा निघाला. ओसीडी, म्हणजे वाढत्या सांध्यातला हा कूर्चा-हाडाचा विकार, काही अंशी वंशातून उतरतो, म्हणून फार जड मनाने नाही म्हटलं. तिची थोरली बहीण त्याच पागेत आहे, गाभण. पुढच्या मेमध्ये तिला शिंगरासह बघायला जाणार आहोत.