वायसरचा फोटो कुणाला हवाय?

ठाण्यातल्या एका छोट्या संस्थेचे हिशेब मी लिहिते. संस्थेचं नाव देत नाही, कारण आमच्या अध्यक्षांना प्रसिद्धीचं वावडं आहे आणि मला अध्यक्षांचा धाक. परवा एका देणगीदारांनी फोनवर विचारलं, "मॅडम, निसर्ग वादळ होऊन इतकी वर्षं झाली, तुमचं ते मदतीचं खातं अजून चालूच कसं?" प्रश्न रास्त होता. मात्र फोनवर सांगण्याइतकं उत्तर छोटं नाही, म्हणून इथे लिहिते.

3 जून 2020. टाळेबंदीचे दिवस. आमच्या नौपाड्यात वारा सुटला, पाऊस झाला, फांद्या पडल्या. संध्याकाळपर्यंत टीव्हीवाले 'मुंबई वाचली' म्हणून मोकळे झाले. वाचली ती मुंबई. वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं आणि मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगरपासून खाली दापोलीपर्यंतची किनारपट्टी झोडपून गेलं. तिकडे वीज गेली, टॉवर बंद पडले. फोनच लागेनात, त्यामुळे तिकडची ओरडही इकडे उशिराच पोहोचली.

तोवर आमच्या ऑफिसात काय जमलं होतं? कपडे. गाठोडीच्या गाठोडी. त्यात लॉन्ड्रीची चिठ्ठी न काढलेली एक शेरवानीसुद्धा. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे मी अजूनही स्वतःला समजावते.

मग दिवेआगरहून एक यादी आली. वहीच्या पानावर लिहिलेली, आणि रेंज मिळेल तिथवर जाऊन कुणीतरी फोटो काढून पाठवलेली. ताडपत्री, मेणबत्त्या, कौलं, पत्र्याचे जे-बोल्ट, वायसर, झाडं कापायची मशीन, मशीनच्या साखळीचं तेल. सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: कपडे नकोत.

ती यादी म्हणजे आमच्या संस्थेची शाळा झाली. उडालेले पत्रे लोकांनी शेजारच्या वाड्यांतून शोधून आणले होते, ठोकून सरळ केले होते. ते बसवायला बोल्ट नव्हते आणि वायसरशिवाय बोल्टाच्या भोकातून पाणी गळतं. तोंडावर मृग. ठाण्यातल्या एका हार्डवेअरवाल्याने अर्धं शटर उघडून पोती भरून दिली. बिलाचे पैसे जमवताना मात्र नाकी नऊ आले. नव्या पत्र्यांसाठी देणगी पटकन मिळते, कारण पत्रा उतरवतानाचा फोटो येतो. वायसरचा फोटो कुणाला हवाय?

घरं त्या पावसाळ्यात कशीबशी झाकली गेली. आमचं खातं उघडं राहिलं ते वाड्यांमुळे.

कोकणातली नारळी-पोफळीची वाडी ज्यांनी पाहिली नाही, त्यांना आडवी झाडं म्हणजे नुसतं नुकसान वाटतं, पीक गेल्यासारखं. पण भात गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तिच्या अंगावर मिऱ्याचा वेल चढवलेला असतो, तो तिच्याबरोबर जातो. खाली सावलीत जायफळ असतं, ते वाचलं तरी डोक्यावरची सावली गेल्यामुळे होरपळतं. आजोबांनी लावलेलं, वडिलांनी शिंपलेलं सगळं काही तासांत आडवं.

सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी 50,000 केली. आकडा ऐकायला बरा. पण तिकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. हेक्टरचे शंभराच्या आसपास गुंठे, म्हणजे गुंठ्याला सुमारे 500 रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार, आणि पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त. पुढे ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली, नारळाला 250 आणि पोफळीला 50. त्यात सातबारावर काका, आत्या, बोरिवलीचे चुलतभाऊ अशी सगळी नावं. वाडी राखणारा एक आणि संमती सगळ्यांची. यातले बरेच जण ठाणे-मुंबईत राहतात, त्यामुळे संमतीपत्रांवर सह्या गोळा करत फिरणं हे काम आपसूक आमच्याकडे आलं. माझ्या मते आमच्या संस्थेने केलेलं सगळ्यात उपयोगी काम तेच, आणि अहवालात ते एका ओळीत संपतं.

रोपांचंही तसंच. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, पण रोप लावण्याजोगं व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि मागणी सगळ्यांची एकदमच आली. शिवाय पोफळीच्या पोराला ऊन सोसत नाही. सावली धरायला आधी केळी लावावी लागते. म्हणून आमच्या हिशेबात सुपारीच्या आधी केळीच्या मुनव्यांचा, म्हणजे लावायच्या कोंबांचा, खर्च दिसतो. लेखापरीक्षकांनी त्यावर लाल खूण केली होती. एका बागायतदार काकूंना फोन लावून मी तो लेखापरीक्षकांच्याच हातात दिला. काकू म्हणाल्या, "साहेब, तुम्ही उघड्या उन्हात पोफळ जगवून दाखवा, मग केळीचा खर्च मी भरत्ये." खूण निघाली.

त्यात 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. वर्षभर आधी कौलं चढवलेल्या काही घरांवर पुन्हा माणसं चढली.

तर खातं अजून चालू आहे ते असं. उशिरा लावलेल्या पोफळी अजून धरायच्या आहेत आणि तोवर खत, शिंपण्याचं पंपाचं बिल, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं हा खर्च सुटत नाही. ज्या देणगीदारांनी विचारलं, त्यांना मी खातेउतारा पाठवला आहे. त्यांनी उलट विचारलं, वस्तूरूपाने काही देऊ का. दोन कटर मशीनच्या साखळ्या बदलायच्या आहेत, मेअखेर मिळाल्या तर बरं, असं कळवलंय.