तेवढं मेलवर पाठवाल का, सर?

त्या दिवशी मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या टीममधल्या एका मुलीला पीआयपीवर टाकायचं होतं. म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम सुधारलं नाही, तर नोकरी जाणार. टीम लीड म्हणून माझी सही हवी होती. कारण लिहिलं होतं, ‘मागील महिन्याचं टार्गेट अपूर्ण.’

मी कागद दोनदा वाचला. ग्राहकसेवेत आमचे आकडे रोज डोळ्यांसमोर असतात. महिन्याच्या सुरुवातीला मिळालेलं टार्गेट तिने पूर्ण केलं होतं. मधेच, महिना अर्धा उलटून गेल्यावर, एका मीटिंगमध्ये उभ्या उभ्या नवा आकडा सांगितला गेला आणि तो एक तारखेपासून लागू धरला गेला. होऊन गेलेल्या दिवसांचं काम कुणी कसं वाढवणार? शिवाय त्याच महिन्यात ती आईच्या ऑपरेशनसाठी मंजूर रजेवर होती आणि रात्री आलेले ऑफिसचे फोन तिने उचलले नव्हते. ते कागदावर कुठेच नव्हतं, पण केबिनमध्ये त्याचाच उल्लेख सगळ्यात आधी झाला.

मी म्हटलं, “सर, वाढीव टार्गेट कधीपासून लागू केलं, तेवढं मेलवर पाठवाल का? या कागदाला जोडते आणि मग सहीचं बघते.”

“सगळं मेलवरच लागतं का तुला? टीममध्ये विश्वास नावाची काही गोष्ट असते.”

हे वाक्य मी याआधीही ऐकलं होतं. रजा तोंडी रद्द करताना, शिफ्ट संपल्यावर ‘अर्धा तास फक्त’ थांबवताना. कडक मॅनेजर मी पाहिले आहेत. त्यांच्याकडून शिकलेही खूप. ते काम जास्त मागतात, चुका तोंडावर दाखवतात, पण काय हवंय ते आधी सांगतात आणि सांगितलेलं बदलत नाहीत. इथे मागणी वाढत होती आणि ती कशी पुरी करायची यातलं काहीच आमच्या हातात नव्हतं. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने 1979 मध्ये कामाच्या ताणाबद्दल हेच मांडलं होतं: नुसत्या जास्त कामाने नव्हे, तर काम जास्त आणि त्यावरचा ताबा कमी, अशा जोडीने माणूस सर्वाधिक पिचतो. आमच्या फ्लोअरवर ते रोज दिसत होतं.

सही न करता मी जागेवर आले आणि मेल लिहिला. ‘आज आपलं जे बोलणं झालं त्यातून मला समजलं ते असं,’ आणि पुढे तारखा, जुना आकडा, नवा आकडा, रजा मंजूर झाल्याचा मेल. ‘माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळवावं.’ ‘छळ’, ‘अन्याय’ असे शब्द मुद्दाम टाळले. ते मनात होतेच, पण शब्दांवर वाद घालता येतो, तारखांवर तितका सहज घालता येत नाही.

उत्तर आलं नाही. संध्याकाळी फोन मात्र आला, आवाज बराच मऊ. तोच मेल मी एचआरकडे पाठवला, त्या मुलीला विचारूनच. नोकरी तिची पणाला लागली होती, तिच्या परवानगीशिवाय पुढे जाणं मला पटलं नसतं.

एचआरचा पहिला प्रश्न होता, “असं एकदाच झालंय ना?” त्यावर मी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2019 मधल्या 190 क्रमांकाच्या कराराचा दाखला दिला. कामाच्या ठिकाणच्या छळाच्या त्याच्या व्याख्येत एकदाच घडलेलं अस्वीकार्य वर्तनही बसतं आणि त्यातून होणारं आर्थिक नुकसानही. आमच्या कंपनीवर तो किती बंधनकारक, हा वेगळा मुद्दा. पण ‘एकदाच’ ही सबब तिथे पुन्हा आली नाही.

पीआयपी मागे घेतला गेला. लेखी कारण कुणी दिलं नाही, दिलगिरी तर नाहीच. याचा मला आजही राग येतो, कारण त्या मुलीने ते दिवस न झोपता काढले होते.

आता टार्गेट महिना सुरू होण्याआधी मेलवर येतं. रजेवरच्या माणसाला फोन करणं थांबलेलं नाही. त्या फोनची तारीख, वेळ आणि कारण आता प्रत्येक जण लिहून ठेवतो, आणि पुढच्या बैठकीत ती यादी आम्ही सगळे मिळून एचआरपुढे ठेवणार आहोत.